एकशे ऐंशी चित्रं, ऐंशी जागा

स्पर्धेचं चित्रप्रदर्शन भरवायचं असेल तर परीक्षकांना फोन करण्याआधी टेप घ्या आणि हॉल मोजा. मंगल कार्यालय असो, वाचनालयाचं सभागृह असो की शाळेतली रिकामी करून घेतलेली वर्गखोली, भिंतीत खिळे ठोकायची परवानगी बहुधा नसतेच. मग प्लायवूडचे आठ बाय चारचे बोर्ड भाड्याने आणून स्टँडवर आडवे लावावे लागतात. आठ फूट म्हणजे ९६ इंच. हाफ इम्पिरियल कागद १५ बाय २२ इंचांचा असतो. चारी बाजूंनी तीन इंचांचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, धरला तर फ्रेम २१ बाय २८च्या घरात जाते. अशा आडव्या तीन फ्रेम एका बोर्डावर लावल्या की ८४ इंच फ्रेमांनीच भरतात, मधे सहा-सहा इंच उरतात आणि कडांना काहीच उरत नाही. मापात बसतं, पण बघवत नाही. एका बोर्डावर दोन आडवी किंवा तीन उभी एवढंच धरावं. वीस बोर्ड दोन्ही बाजूंनी वापरले तर चाळीस बाजू, सरासरी दोन म्हणजे ऐंशी चित्रं. प्रवेशिका १८० आल्या असतील तर शंभर चित्रं परत जाणार, हे कुणी एकही चित्र पाहण्याआधीच ठरलेलं असतं.

हा आकडा परीक्षकांना आल्या आल्या सांगा. तो न सांगता निवड करायला लावली की ते एकशेदहा चित्रं निवडून जातात. मग संध्याकाळी आयोजक एकावर एक दोन ओळींत चित्रं टांगतात, नाहीतर निवडलेल्यांपैकी तीस चित्रं स्वतःच बाजूला काढतात. दुसरा प्रकार जास्त वाईट, कारण परीक्षकांच्या सहीची यादी एक सांगते आणि बोर्डावर दुसरंच दिसतं.

गावोगावच्या मंडळांची प्रदर्शनं पाहून आमचं एक मत पक्कं झालं आहे. चांगली नजर असलेले परीक्षक शोधले की मिळतात. त्यांच्या नजरेला प्रत्येक चित्र नीट दिसेल अशी सोय करणं, हे खरं काम आहे. चित्रावर अन्याय होतो तो बहुतेक वेळा आवडीनिवडीमुळे होत नाही, घाईमुळे, उजेडामुळे आणि गुणांच्या बेरजेमुळे होतो.

परीक्षक तीन असावेत. एक तरी जिल्ह्याबाहेरचा हवा आणि तिघंही एकाच माध्यमातले नकोत. तिघं जलरंगवाले बसवले की तैलरंगातलं जाड काम त्यांना उगाच जड वाटतं. छोट्या शहरांत परीक्षक म्हणून हमखास कलाशिक्षकच येतात, आणि त्यातल्या बहुतेकांचे स्वतःचे क्लास असतात. यात गैर काही नाही, पण नियम आधी लिहून ठेवावा: स्वतःच्या आजी किंवा गेल्या तीन वर्षांतल्या माजी विद्यार्थ्याचं चित्र समोर आलं की त्या परीक्षकाने हात वर करून बाजूला व्हायचं आणि उरलेल्या दोघांनी ठरवायचं. चित्रावरची सही कागदी टेपने झाकली तरी क्लास ओळखू येतोच. त्याच कोनातून काढलेला तोच दरवाजा, तीच तांब्याची कळशी आणि त्याच जागी ठेवलेला हायलाइट. सरांचा हात फिरलेला असेल तर तोही दिसतो. सगळं चित्र चाचरत काढलेलं, आणि मधेच डोळ्यातला चमकणारा ठिपका किंवा भांड्याच्या काठावरचा एक फटकारा मात्र एका दमात, बेधडक. एका चित्रात दोन वेगवेगळे वेग दिसले की थांबून विचार करावा.

प्रवेशिका स्वीकारण्याच्या टेबलावर चित्राची मागची बाजू आधी बघा, पुढची नंतर. डी रिंग, म्हणजे टांगण्यासाठीची डी आकाराची कडी, दोन्ही बाजूंना वरून साधारण एक तृतीयांश उंचीवर, स्क्रूने घट्ट बसवलेली हवी. मागे नुसता सुतळीचा फास असेल तर चित्र घेऊ नका. २१ बाय २८च्या फ्रेमला दोन मिलिमीटरची काच लावली की काचेचंच वजन पावणेदोन-दोन किलो होतं. त्यात लाकूड आणि एमडीएफची (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या बोर्डाची) पाठ धरली की सुतळी दोन दिवसांत सैल पडते. त्याच जाडीची ॲक्रिलिक शीट साधारण निम्म्या वजनाची असते, फुटत नाही, पण पटकन चरे पडतात आणि घासली की स्थिर विजेने धूळ ओढते. म्हणून पेस्टल आणि कोळशाच्या चित्रांवर ती लावू नये, भुकटी कागद सोडून शीटला चिकटते. पेस्टलच्या फ्रेममध्ये काच आणि कागद यांच्यात माउंटचं अंतर आहे ना, हेही इथेच तपासावं.

तैलचित्र असेल तर जाड रंगाच्या जागी, कडेला, स्वच्छ बोटाने हलकेच टेकवून बघा. पातळ थर दोन आठवड्यांत हाताला लागेनासा होतो, पण सुरीने थापलेला टायटॅनियम व्हाइट पावसाळ्यात महिना-दोन महिनेही आतून ओला राहतो. वरून साय धरलेली असते आणि बबल रॅप लागला की फाटते. बबल रॅपचा त्रास ॲक्रिलिक रंगातल्या चित्रांनाही होतो. उन्हाळ्यात टेम्पोत तापलेलं ॲक्रिलिक मऊ पडतं आणि फुगे रंगाला टेकलेले असतील तर गोल वळ उठतात, ते मग जात नाहीत. आधी बटर पेपर आणि त्यावर बबल रॅप, फुगे बाहेरच्या बाजूला. चित्र घेतानाच मोबाइलवर पुढून-मागून एकेक फोटो काढून ठेवावा आणि फ्रेमवर आधीच असलेले टवके पावतीवर लिहावेत. परत देताना होणारी निम्मी भांडणं त्या दोन फोटोंनी मिटतात.

आता वेळ. १८० चित्रं, पहिल्या फेरीत प्रत्येकी वीस सेकंद, म्हणजे बरोबर एक तास. दुसऱ्या फेरीत शंकेची साठ-सत्तर चित्रं प्रत्येकी एक मिनिट, म्हणजे आणखी तासभर. बक्षिसांच्या फेरीत वीस चित्रं, प्रत्येकी तीन मिनिटं, पुन्हा तास. मधे दोन विश्रांत्या धरल्या तर चार तास लागतात. परीक्षकांना 'दोन तासांत उरकेल' सांगून बोलावू नका. शेवटच्या तासात डोळे थकतात आणि थकलेल्या डोळ्याला भडक रंग आणि मोठा आकार एवढंच दिसतं. आम्ही सकाळी साडेनऊ-दहाला सुरुवात करायला सांगतो. जेवणानंतर परीक्षण ठेवू नये.

उजेडाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. सभागृहातल्या ट्यूबलाइट चित्रांच्या काचेत पांढऱ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. गडद चित्रात तर परीक्षकाला स्वतःचा शर्टच दिसतो. समोरच्या बाजूच्या ट्यूब बंद करा, खिडक्यांना पडदे लावा आणि बोर्डावर वरून तिरपा प्रकाश सोडा. ४००० केल्विनच्या आसपासचे (फार पिवळेही नाहीत, फार निळेही नाहीत असे), सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त लिहिलेले एलईडी घ्या. पिवळ्या बल्बखाली निळे आणि जांभळे रंग मरतात, तर स्वस्त पांढऱ्या एलईडीखाली त्वचेचे रंग आजारी दिसतात. सगळ्या बोर्डांवर एकच प्रकारचा दिवा हवा. अर्ध्या चित्रांना खिडकीचा उजेड आणि अर्ध्यांना दिव्याचा, असं झालं की तुलनेला अर्थ उरत नाही.

बहुतेक ठिकाणी चित्रं भिंतीला टेकवून जमिनीवर ओळीने ठेवतात आणि परीक्षक वरून खाली बघत जातात. असं बघितलं की निसर्गचित्रातली जमीन आपल्याकडे झुकते आणि व्यक्तिचित्राचं कपाळ मोठं, हनुवटी लहान दिसते. चित्राचा मध्य जमिनीपासून ५७ ते ६० इंचांवर आला पाहिजे. सगळी टांगणं जमत नसेल तर दोन ईझल (चित्र उभं ठेवायच्या घोड्या) मांडा आणि दोन मुलं ठेवा. एक चित्र बघून होईतो दुसरं चढवायचं. सेकंदांचा हिशेब अशानेच बसतो.

निवड सुरू करण्याआधी एक फेरी हातात कागद-पेन न घेता, कुणाशी न बोलता मारावी. या फेरीचा उपयोग एवढाच की यंदाची सर्वसाधारण पातळी डोळ्यात बसते. ती न मारता थेट निवडायला बसलं की पहिल्या वीस चित्रांना हात आखडता राहतो, कारण पुढे काय येणार ते माहीत नसतं. याच कारणासाठी दुसरी फेरी उलट्या क्रमाने, शेवटच्या क्रमांकापासून करावी.

निवडीच्या फेरीत गुण देऊ नयेत. हो, नाही, पुन्हा बघू, एवढे तीनच पर्याय पुरतात. तिन्ही 'हो' आले की चित्र आत, तिन्ही 'नाही' आले की बाहेर. दोघांनी नाही म्हटलं आणि एकाने ठाम हो म्हटलं, ती चित्रं मात्र वेगळ्या बोर्डाला लावून ठेवा. परीक्षणातली सगळ्यात मोलाची चित्रं बरेचदा तिथेच सापडतात.

नेमकं काय बघायचं ते जलरंगावरून सांगतो, कारण आपल्याकडच्या प्रदर्शनांत जलरंगातली चित्रं पुष्कळ असतात. समजा समोर मेणवलीचा घाट आहे. वाईजवळचा हा कृष्णेकाठ, नाना फडणवीसांचा वाडा आणि खाली उतरत जाणाऱ्या काळ्या पाषाणाच्या पायऱ्या महाराष्ट्रात इतक्या वेळा रंगवल्या गेल्या आहेत की परीक्षकाच्या मनात 'परत घाट' असं येणारच. तो विचार बाजूला ठेवायचा. आधी आठ-दहा फुटांवर उभं राहून डोळे किलकिले करायचे. रंग विरघळतात आणि उजळ-गडद भागांचे तीन-चार मोठे आकार उरतात. ते आकार एकमेकांना धरून आहेत की ठिपक्यांसारखे विखुरले आहेत, ते बघायचं. खात्री नसेल तर मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढून बघा. रंगीत असताना छान वाटणारी बरीच चित्रं कृष्णधवलमध्ये एकाच राखाडीची होऊन जातात. लाल आणि हिरवा वेगळे दिसत होते, पण त्यांचा टोन, म्हणजे उजळ-गडदपणा, एकच होता.

मग हातभर अंतरावर यायचं. पायऱ्यांची काळी बाजू कशाने काढली आहे? ट्यूबमधला काळा नुसता पाणी घालून लावला असेल तर दगड सपाट, कोळशासारखा दिसतो. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना कागदावरच एकमेकांत सोडले असतील तर अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि पाषाणाचा खरखरीतपणा आपोआप येतो. एका पायरीच्या कडेवर पांढरी रेघ आहे, उन्हाची. ती कागद सोडून ठेवलेली आहे, मास्किंग फ्लुइड (रंग लागू न देणारा, नंतर सोलून काढायचा द्रव) लावून राखलेली आहे, की शेवटी पोस्टर कलरचा पांढरा फिरवलेला आहे? सोडलेली रेघ कडेला थोडी तुटक असते, तिच्यात कागदाचा पोत दिसतो आणि शेजारच्या वॉशची (पातळ रंगाच्या थराची) कड तिच्यापाशी येऊन थांबलेली असते. मास्किंगची रेघ सुरीने कापल्यासारखी, दोन्ही बाजूंना सारखीच कठीण. पांढरा रंग वर बसलेला असतो आणि तिरक्या उजेडात किंचित निळसर, खडूसारखा वाटतो. तिन्ही रीती वापरायला हरकत नाही. पण ज्याने पहिल्या वॉशच्या आधी ठरवून ती जागा सोडली, त्याने चित्राचा विचार आधी केला होता, आणि ते गुणांत दिसलं पाहिजे.

पाण्यात पायऱ्यांचं प्रतिबिंब आहे. त्यात फुलकोबीसारखी कड उमटली असेल तर वॉश अर्धवट वाळलेला असताना जास्त पाण्याचा ब्रश लागला आहे. आकाशात ती कड ढगासारखी खपून जाते, स्थिर पाण्यात नाही. सावल्या गढूळ असतील तर बहुधा तिसरा-चौथा थर खालचा न वाळता चढवला आहे, किंवा दोन पूरक रंगांच्या भांडणात तिसरा अपारदर्शक रंग ओतला आहे. कागदाला तूस निघालं असेल तर रंग घासून उचलायचा प्रयत्न झाला आहे. वॉशमध्ये मधेच गडद ठिपके दिसले की लगेच चित्रकाराला दोष देऊ नये. दमट हवेत राहिलेल्या कागदाचं साइझिंग, म्हणजे रंग पटकन शोषू न देणारा लेप, जागोजाग जातं, तिथे रंग टीपकागदासारखा शोषला जातो. कोकणात, गोव्यात हे सर्रास होतं. १८०-२०० जीएसएमचा (दर चौरस मीटरला तेवढ्या ग्रॅम वजनाचा) कागद ताणून न बसवता भरपूर पाण्यात काम केलं की तो लाटांसारखा फुगतो, रंग खळग्यांत साचतो आणि फ्रेममध्येही ती लाट दिसत राहते. हा मात्र चित्रकाराच्या हातातला दोष. ३०० जीएसएम घ्यावा, नाहीतर गमटेपने बोर्डावर ताणून घ्यावा.

जलरंग म्हणजे फिकं आणि हलकंच, असाही एक ग्रह असतो. सावळाराम हळदणकरांचं मैसूरच्या जगनमोहन पॅलेसमधलं, हाताने समईचा उजेड आडवणाऱ्या मुलीचं चित्र जलरंगातलं आहे, आणि पाहणाऱ्यांना ते तैलचित्र वाटतं. आपल्याच मातीतल्या चित्रकाराने जलरंगात तेवढा अंधार आणि तेवढी ऊब आणून दाखवली आहे. त्यामुळे एखादं गडद जलरंग समोर आलं की 'माध्यमाचा स्वभाव सोडला' असं म्हणून ते बाद करू नये.

फोटोवरून काढलेल्या चित्रांचा प्रश्न दरवर्षी येतो. फोटो वापरणं गुन्हा नाही, फोटोच्या चुका उतरवणं हा दोष आहे. मोबाइलची लेन्स रुंद कोनाची असल्याने कडेच्या वस्तू बाहेर ताणल्या जातात, मोबाइल वर करून काढलेल्या फोटोत देवळाचे खांब आणि वाड्याच्या भिंती वरच्या टोकाला एकमेकींकडे झुकतात, सावल्यांच्या आतलं सगळं गायब होऊन मेलेला काळा उरतो आणि आकाश पांढरं फटक होतं. हे चारही एकत्र दिसले की चित्रकार त्या जागी बसलेला नाही. दोन फोटो जोडून केलेलं चित्र माणसांवरून पकडता येतं. सपाट बाजारपेठेत आपण उभे राहून बघत असलो तर उभ्या मोठ्या माणसांची डोकी, जवळची असोत की लांबची, साधारण एकाच आडव्या रेषेवर येतात, क्षितिजाच्या. फक्त पाय वर-खाली होतात. एखाद्या माणसाचं डोकं त्या रेषेच्या बरंच खाली गेलं तर तो बुटका दिसतो, वर गेलं तर राक्षस. त्याची सावली कुठल्या बाजूला पडली आहे तेही बघावं.

दुसऱ्याच्या चित्राची किंवा फोटोची नक्कल हा वेगळा मुद्दा, त्याला नियमच हवा. बक्षिसाच्या यादीत आलेल्या प्रत्येक चित्राचा मोबाइलने फोटो काढून इंटरनेटवर प्रतिमाशोध करा. एकदा सरळ आणि एकदा आरशासारखा उलटवून, कारण डावं-उजवं करून उतरवण्याची युक्ती आता सगळ्यांना माहीत आहे. वीस चित्रांना अर्धा तास लागतो. हा अर्धा तास वाचवला तर बक्षीस समारंभानंतर कुणीतरी मूळ चित्र व्हॉट्सॲपवर टाकतं आणि सगळ्या प्रदर्शनाची शोभा जाते. कॅनव्हासवर प्रिंट काढून वरून पारदर्शक जेलचे फटकारे मारलेली कामंही येतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग लावलं की प्रिंटचे ठिपके दिसतात. भिंग नसेल तर तिरका उजेड टाका. ब्रशचे ओरखडे एकीकडे चालले आहेत आणि रंगाची कड दुसरीकडे, असं दिसलं की पुरे.

तैलरंगात एकच गोष्ट सांगायची. गडद भागात मंद, मातकट डाग दिसतात, ते बरेचदा खालच्या थराने तेल शोषल्यामुळे आलेले असतात, रंग चुकलेला नसतो. कोन बदलून बघा, ओलं झाल्यासारखी चमक आली की खरा रंग कळतो. ॲक्रिलिकमध्ये रंग वाळल्यावर गडद होतो, त्यामुळे त्वचेवर ठिगळं दिसतात, ती मात्र कामातलीच उणीव.

व्यक्तिचित्र बघताना 'हुबेहूब' हा शब्द वापरू नये. समोर बसलेली व्यक्ती परीक्षकाने पाहिलेलीच नसते. कवटीचा गोलवा, कान कुठल्या उंचीवर आहे, मान खांद्यांतून निघते की वर ठेवल्यासारखी दिसते, हे बघता येतं. सुरकुत्या आणि दाढीचे केस मोजत बसलेलं चित्र पुष्कळदा याच जागी फसलेलं असतं.

अमूर्त चित्रांवर स्थानिक प्रदर्शनांत सगळ्यात जास्त अन्याय होतो, आणि त्याची भरपाई म्हणून कधीकधी उगाच बक्षीस दिलं जातं. दोन्ही चूक. अमूर्तालाही किलकिल्या डोळ्यांची कसोटी लागू होते, कडांची लागू होते. एखादा आकार कॅनव्हासच्या काठाशी येऊन थांबला आहे, तो ठरवून थांबला आहे की तिथे रंग संपला, हे दिसतं. चित्र चारही बाजूंनी फिरवून बघा. कसंही टांगलं तरी सारखंच वाटत असेल तर त्यात वजनाचा विचार झालेला नाही. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीने १८९५ मध्ये म. वि. धुरंधरांना सुवर्णपदक दिलं आणि १९३७ मध्ये अमृता शेरगिलच्या तीन मुलींच्या चित्राला. दोघांच्या रंगलेपनात काही म्हणता काही साम्य नाही. एकाच संस्थेच्या परीक्षकांना हे दोन्ही ओळखता आलं, म्हणजे आपल्यालाही नजर मोकळी ठेवता येईल.

वारली शैलीतल्या चित्रांसाठी एक विनंती. मूळ काम तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्याने, गेरू किंवा शेणाने सारवलेल्या भिंतीवर होतं, आणि लग्नाचा चौक, म्हणजे लग्नासाठी भिंतीवर काढायचं चौकोनी चित्र, लिहायचा मान सवाष्णींचा असतो. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांनी ते कागदावर, कापडावर आणलं. शहरातल्या प्रवेशिकेत नुसते त्रिकोण जोडून केलेली माणसं असतील, सगळी एकाच मापाची, एकाच ठशातली, तर ती नक्षी झाली. नाचणाऱ्यांच्या रांगेचा वळसा, दोन आकृत्यांमधली जागा आणि रेषेची जाडी हातागणिक कमी-जास्त होते का, हे बघा.

आता गुण. पुष्कळ मंडळांच्या तक्त्यात चार रकाने असतात: संयोजन २५, रेखांकन २५, रंग २५, एकूण परिणाम २५. तक्ता बघायला नेटका, पण बेरीज फसवते. एका बिनचूक, निर्जीव चित्राला चारही ठिकाणी १८ मिळाले, एकूण ७२. दुसऱ्याचं रेखांकन कच्चं, १२, संयोजन १३, पण रंग २२ आणि एकूण परिणाम २४. एकूण ७१. पहिलं जिंकलं, आणि दुसरं चित्र तिन्ही परीक्षक घरी गेल्यावरही विसरणार नाहीत. रकाने शेरा लिहिण्यासाठी ठेवा, बेरजेसाठी नको.

तीन परीक्षकांच्या बेरजेत दुसरा घोळ होतो. समजा पहिल्याने क चित्राला ७२ आणि ख ला ६८ दिले, दुसऱ्याने क ला ७० आणि ख ला ६७. तिसरा मोकळ्या हाताने गुण देणारा, त्याने क ला ५५ आणि ख ला ८२ दिले. बेरीज क ची १९७, ख ची २१७. तिघांपैकी दोघांना क आवडलं, पण बक्षीस ख ला गेलं. ज्याच्या गुणांचा पल्ला मोठा, निकाल त्याचाच लागतो. म्हणून शेवटच्या वीस चित्रांसाठी गुण सोडून क्रम लावा. प्रत्येकाने आपापला पहिला ते विसावा क्रम लिहायचा आणि क्रमांची बेरीज करायची, सगळ्यात कमी बेरीज पहिली. वरच्या दोनच चित्रांपुरतं बोलायचं तर क ची बेरीज चार, ख ची पाच.

क्रम लावण्याआधी ती वीस चित्रं प्रत्यक्ष एकाच बाजूला, शेजारी-शेजारी आणून लावली पाहिजेत. आठवणीवर तुलना होत नाही. मोठी आणि छोटी चित्रं एकत्र असतील तर छोट्यांसाठी वेगळा बोर्ड द्या. तीन बाय चार फुटांच्या कॅनव्हासशेजारी पोस्टकार्डाएवढं जलरंग कधीच न्याय मिळवत नाही. माउंट आणि फ्रेम बघून मत बनू नये म्हणून शेवटच्या फेरीत एल आकाराच्या दोन काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्यांनी फ्रेम झाकून बघावं. सोनेरी फ्रेमच्या आतलं चित्र अचानक लहान आणि फिकं वाटायला लागतं.

चर्चा क्रम लिहून झाल्यावरच करावी, आधी नाही. आणि बोलताना ज्येष्ठ परीक्षकाने शेवटी बोलावं. आपल्याकडे मोठ्या माणसाने 'मला हे आवडलं' म्हटलं की धाकटे मान डोलावतात, मनात काहीही असो. सर, तुम्ही शेवटी सांगा, असं आयोजकांनी हात जोडून आधीच सांगितलं तर कुणी राग मानत नाही. चर्चेनंतर क्रम बदलायचा असेल तर जुना आकडा खोडून नवा लिहायचा आणि शेजारी सही करायची. शंकेच्या बोर्डावरच्या चित्रांसाठी आम्ही एक मुभा सुचवतो. प्रत्येक परीक्षकाला दोन चित्रं इतरांच्या मताविरुद्ध निवडीत घेता यावीत, कारण न देता. ऐंशीतल्या सहा जागा त्यासाठी आधीच राखून ठेवा.

शालेय गटाला यातलं फारसं काही लागू नये. तिथे बक्षिसं कमी आणि लावलेली चित्रं जास्त, एवढं पुरे.

राहिले शंभरजण. त्यांना चित्रासोबत दोन ओळींचा शेरा मिळालाच पाहिजे, आणि तो परीक्षण चालू असतानाच, निवडीच्या फेरीत एकाने सांगून दुसऱ्याने लिहून घ्यावा. नंतर लिहू म्हटलं की राहतं. 'रंगसंगती छान, अजून सराव हवा' हा शेरा कुठल्याही चित्राला चिकटवता येतो, म्हणून तो कुणाच्याच कामाचा नाही. असा लिहावा: 'पायऱ्यांवरचं ऊन नेमकं पकडलं आहे. डावीकडची दोन झाडं एकाच उंचीची आणि काठापासून सारख्याच अंतरावर असल्याने नजर तिथे अडकते.' एक ओळ जमलेल्या गोष्टीची, एक अडलेल्या जागेची, आणि दोन्ही चित्रात बोट ठेवून दाखवता येतील अशा. शेऱ्यावर प्रवेशिका क्रमांक घाला, परीक्षकाचं नाव नको. कागद घडी करून पाकिटात द्या आणि पाकीट फ्रेमच्या पाठीला, एमडीएफवर, कागदी टेपने लावा. सेलोटेप लावू नका, काढताना पाठीचा कागद फाटतो.